सांबार म्हणजे कोथिंबीर

पत्र: मी मूळची चिपळूणची, सरकारी बँकेत अधिकारी. बढतीवर नोव्हेंबरात नागपूरला बदली झाली. तीन वर्षं तरी इथंच काढायची आहेत. नवऱ्याचं काम घरून चालतं, मुलगी मराठी शाळेत दुसरीत आहे. भाषा मराठीच, मग अवघड ते काय, असं वाटलं होतं. पण चार महिने झाले तरी परमुलखात असल्यासारखं वाटतं. रिक्षावाले, भाजीवाल्या माझ्याशी हिंदीत सुरू करतात. बँकेत लोक तोंडावर म्हणतात, "काऊन इतका टाइम लावून राहिल्या मॅडम?" शेजारच्या काकू बेल न वाजवता आत येतात. परवा त्या भाताच्या पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "एवढुसाच भात? पाखराले टाकता का माय?" मला ते फार लागलं. मुलीला शाळेत बोलण्यावरून चिडवतात आणि ती घरी येऊन "मी जेवून राहिली" म्हणते. बाहेरचं खाणं तिखटजाळ. सगळे उन्हाळ्याची भीती घालतात, पण चिपळूणच्या घामात वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय नवल? गणपतीला मात्र गावी जायचंच आहे. बाकीचं कसं निभवायचं ते सांगा.
— एक चिपळूणकर, सध्या मुक्काम नागपूर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं उन्हाबद्दलचं वाक्य आधी घेतो. बाकीच्या गोष्टींनी फार तर मन दुखेल, या गैरसमजानं मात्र सलाइन लावायची वेळ येईल.

चिपळूणला ऊन किती आहे हे तुम्हाला घाम सांगतो. पदर ओला झाला की माणूस सावलीत जातो, पाणी पितो. नागपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. कपडे कोरडे, अंग कोरडं, म्हणून वाटतं की काही विशेष नाही. आतून पाणी आणि मीठ चाललेलंच असतं. संध्याकाळी काळ्या ब्लाउजवर पांढरी रेघ दिसली तर ते दिवसभरात गेलेलं मीठ समजा. म्हणजे घामाचं तुमचं माप इथं बाद. त्याऐवजी लघवीचा रंग बघा. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. तहान लागेपर्यंत थांबू नका. घरातून निघताना एक पेला, बाहेर असाल तर दर अर्ध्या तासाला एक, दिवसाला तीन-चार लिटर. सगळं साधं पाणीच नको, मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हंही हवं. गळल्यासारखं वाटलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अंदाजानं वाढवू नका, लहान मुलांना ते बाधतं.

शरीराला या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि उन्हाला तोंड दिल्याशिवाय ती होत नाही. मार्चअखेरीपासून रोज सकाळी वीस मिनिटं बाहेर चाला. दिवसभर एसीत बसून एकदम दुपारी दीडला स्कूटर काढणारेच आडवे होतात. बारा ते चार बाहेरचं काम ठेवू नका. निघावंच लागलं तर सुती ओढणी डोक्याला, कानांना, तोंडाला गुंडाळून वर हेल्मेट. नागपूरच्या मुली हे नखऱ्यासाठी करत नाहीत. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवसांचा नवतपा लागतो, तेव्हा तर शहर दुपारी स्वतःहून दार लावून घेतं. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं आणि कातडी कोरडी पडली, तर तो उष्माघात. त्याला सावलीत घ्या, १०८ ला फोन करा, कपडे सैल करून अंग ओलं ठेवा, पंख्याचा वारा द्या, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता कूलर. कोकणात तो कुणी घेत नाही, कारण तिथल्या दमट हवेत तो चालतच नाही. त्यामुळे नव्यानं आलेली माणसं तो हमखास चुकीचा लावतात. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून. मागच्या ताट्यांवर, म्हणजे गवताच्या पॅडवर, पाणी झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी झळ त्यातून ओढतो, आणि आत येणारी हवा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी गार असते. म्हणून तो खिडकीबाहेर हवा, लोखंडी स्टँडवर, पाठ मोकळ्या हवेला. खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावल्या तर अर्ध्या तासात तीच ओली हवा फिरत राहते, गाद्या दमट होतात आणि तुम्हाला चिपळूणचा जून आठवतो. कूलर ज्या भिंतीला असेल त्याच्या समोरच्या बाजूला खिडकी किंवा दार कूलरच्या तोंडाएवढं तरी उघडं ठेवा. एसीची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. घर वरच्या मजल्यावर असेल तर छताचा पंखा बंद ठेवा, तो तापलेल्या स्लॅबखालची हवा खाली ढकलतो. घरमालक तयार असेल तर गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. फरक हातानं छत चाचपून कळेल इतका पडतो.

दहा बाय बाराच्या खोलीला सोळा इंची पंख्याचा, पन्नास-साठ लिटर टाकीचा कूलर पुरतो. भर दुपारी तो तासाला पाच ते दहा लिटर पाणी पितो, तेव्हा तुमच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते आधी पाहा. ताट्या दर मोसमाला नव्या घाला. जुन्यांवर पाण्यातले क्षार साचून हवेची वाट बंद होते, आणि मग आवाज मोठा, वारा कोमट. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाटचाल आठ-दहा दिवसांत होते. आणि एक गोष्ट मुलीला आजच बजावून ठेवा: पत्र्याच्या कूलरला चालू असताना हात लावायचा नाही. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा, पायात रबरी चप्पल हवी. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपियरचा गळती-संरक्षक स्विच बसवून घ्या. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. पावसाळा लागला की पंप बंद करून नुसता पंखा वापरायचा. हे सगळं होळीच्या आसपास उरका. एप्रिलात कूलरवाला "येतो ना जी दहा मिनिटांत" म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी उगवतो.

तर घामासारखंच माणसांच्या बोलण्याचं तुमचं मापही इथं चुकीचा आकडा दाखवतंय.

"काऊन" म्हणजे "का", "कायले" म्हणजे "कशाला". "करून राहिला" म्हणजे नुसतं "करतो आहे". त्यात "उगाच करत बसला आहे" असा टोमणा नाही, तो तुमच्या कानांनी घातलेला आहे. "काऊन इतका टाइम लावून राहिल्या" म्हणजे "उशीर का होतोय". इथला माणूस प्रश्न उघडा विचारतो आणि उत्तरही उघडं मागतो. "सर्व्हर बंद आहे, वीस मिनिटं लागतील, तोवर बसा" एवढं सांगितलं की तो बसतो. "जरा थांबा हं" म्हणालात तर मात्र पाच मिनिटांनी पुन्हा विचारेल, आणि त्याचं चूक नाही. आदर इथं "अहो"त कमी आणि "जी"त जास्त असतो. "हो जी", "या ना जी", "काकाजी" हे शब्द ऐकू आले की समजा, समोरचा अदबीनंच बोलतोय. "बे" मित्रामित्रांतला आहे, तो कुणाच्या तोंडून कुणाला जातोय ते पाहत राहा, स्वतः वापरू नका. मुद्दाम नागपुरी हेल काढून बोलायला जाऊ नका, ती नक्कल वाटते. तुमची मराठी तुमचीच राहू दे.

उलट बाजूही बघा. कोकणात माया तिरकस बोलण्यातून कळते. चार दिवसांनी दिसलेल्या माणसाला "काय, जिवंत आहात वाटतं" म्हटलं की तो खूश होतो. इथं तेच वाक्य सरळ टोमणा म्हणून पोचतं. बँकेत सहकाऱ्यांशी तुमचं काही बिनसलं असेल तर बहुधा यामुळेच. पहिलं वर्षभर तिरकस बोलणं घरात ठेवा.

हिंदीचं म्हणाल तर तो तुमचा पाणउतारा नाही. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, म्हणजे मराठी आणि हिंदी मुलखांची एकच. आजही छिंदवाडा, सिवनी, बालाघाटची माणसं दवाखान्याला आणि खरेदीला इथंच येतात. अनोळखी चेहरा दिसला की भाजीवाली हिंदीत सुरू करते, ती अंदाज घेत असते. तुम्ही मराठीत उत्तर द्या, दुसऱ्या वाक्याला तीही मराठीत येते. तुम्हीही हिंदीत शिरलात तर तीन वर्षं हिंदीतच भाव कराल. बँकेत कुणी "जय भीम" म्हणालं तर "जय भीम" म्हणा, "रामराम"ला "रामराम". १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात, त्या दोन-तीन दिवसांत त्या बाजूचे रस्ते बंद असतात हे कामाला निघताना ध्यानात ठेवा. तिथं लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांसाठी एक संध्याकाळ जरूर काढा.

आता काकू. पातेल्यात डोकावून काढलेलं ते वाक्य तुमच्या गरिबीवर किंवा कंजूषपणावर नव्हतं. इथं घरात कुणी ना कुणी येणार हे धरूनच भात टाकतात. तीन माणसांना मोजून तीन माणसांचा भात पाहिला की "मी आले तर काय वाढशील" एवढाच त्याचा अर्थ. थट्टेतली तक्रार म्हणा. एक वाटी तांदूळ जास्त टाका, काकूंना बसा म्हणा. आणि बेल न वाजवण्याचा जाच होत असेल (नवऱ्याच्या मीटिंगमध्ये तो होणारच) तर दार आतून लावून गप्प बसू नका, त्याला इथं "शिष्ट" म्हणतात आणि तो शिक्का लवकर पुसत नाही. "काकू, अकरा ते एक यांचं ऑफिस चालतं, तुम्ही साडेसहाला या, चहा सोबत घेऊ" असं वेळ देऊन सांगा. पुढच्या आठवड्यात काकूच जिन्यात इतरांना अडवतील.

जेवायला बोलावलं तर पहिल्यांदा अर्धंच वाढून घ्या, कारण दुसरी आणि तिसरी वाढ चुकत नाही. "नको, पोट भरलं" याला इथं काही किंमत नाही, तो आग्रहाची सुरुवात करून देणारा शब्द आहे. "रात्री तिखट सोसत नाही", "गोळी चालू आहे" अशी खरी कारणं मात्र लगेच मानतात. पगार किती, घर भाड्याचं की स्वतःचं, दुसरं मूल कधी, हे प्रश्न येतील. पहिल्या दोहोंना "बँकेत मिळतो तेवढा" आणि "भाड्याचं" एवढं पुरतं. तिसऱ्याला हसून काकूंच्याच नातवंडांची चौकशी करा.

बाजारात थोडा शब्दकोश लागतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यामुळे सांबारवडीचं आमंत्रण आलं तर इडली-डोशाची अपेक्षा ठेवू नका, बेसनाच्या पारीत कोथिंबिरीचं झणझणीत सारण भरून तळलेली ती वडी असते. फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, आलू म्हणजे बटाटा, आणि खेड्यातून आलेली बाई टोमॅटोला भेदरं म्हणाली तर दचकू नका. विदर्भात भात मिळत नाही हा पश्चिमेकडचा समज खोटा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा धानाचा पट्टा. बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं निवडीतून तयार केला. घेताना नवा की जुना ते विचारा. नव्याला दुप्पट पाणी घातलंत तर गिचका होतो, पावणेदोनपट पुरतं.

मासळी समुद्राची हवी असेल तर बर्फातली मिळते, पण कोकणातल्या ताज्या बांगड्याची तिच्याशी तुलना करून रोज दुःखी होण्यापेक्षा रोहू, कतला शिका. दोन अडचणी आहेत. एक, रोहूच्या पाठीकडच्या मांसात दोन फाटे फुटलेले बारीक काटे असतात, मुलीसाठी पोटाकडचे तुकडे मागा, तिथले काटे मोठे आणि दिसणारे असतात. दुसरी, तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो. तो आंबटानं मोडतो. तुकड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ (खारवलेला रस) चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. लिंबू-चिंचेवर इथल्या बायका हेच करतात, आगळ त्यांना नवीन आहे.

तिखटाला पायऱ्या आहेत. तर्रीपोह्यांपासून सुरुवात करा, पोहे सुके मागा आणि तर्री वेगळ्या वाटीत, म्हणजे चमच्याचं माप तुमच्या हातात. मग पाटवडी रस्सा. सावजी मटण शेवटी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं ते जेवण, तेलाचा तवंग हाच त्याचा जीव, आणि मिरचीचा जाळ तेलात उतरलेला असतो. म्हणून पाणी पिऊन तो शमत नाही, उलट तोंडभर पसरतो. दही किंवा दूध घ्या, आणि रश्शाला भाकरी किंवा भात भरपूर. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांनी सावजीला नेलं म्हणून अख्ख्या शहराच्या जेवणाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात.

मुलीची काळजी तुम्ही उलटीकडून करताय. "मी जेवून राहिली" ही बिघडलेली मराठी नाही, मधल्या सुटीत वाटणीला घेण्याची खूण आहे. सात वर्षांचं मूल चार-पाच महिन्यांत शाळेतली बोली उचलतं, घरची विसरत नाही आणि दारातून आत येताना आपोआप बदल करतं. पुस्तकं बालभारतीची असतील तर परीक्षेची भाषा चिपळूणला होती तीच आहे. घरात तिला दुरुस्त करू नका, "आपण कसं म्हणतो?" एवढं हसत विचारा. आणि तिच्यासमोर इथल्या बोलीची नक्कल करून हसू नका. ती नक्कल ती शाळेत नेईल, मग चिडवणं थांबणार नाही. वर्गशिक्षिकेला भेटून तक्रार करण्याऐवजी मागणी करा: एका तासाला तिला खाडी, होडी, सुरंगीचा गजरा याबद्दल पाच मिनिटं बोलू द्या. ज्याच्याकडे इतरांना माहीत नसलेलं काही असतं त्याला चिडवणं आपसूक कमी होतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत इथल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो, म्हणजे तिचा भोंडलाच. पहिल्या दिवशी तुमच्याकडे बोलवा, आणि खाऊला खांडवी करा. कुणालाही ओळखता येणार नाही.

त्याआधी पोळा येतो, आणि तुमच्या गणपतीच्या प्रवासाचा खरा गुंता तिथं आहे. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला तान्हा पोळा. त्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घेतात. त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. आणि चतुर्थी लगेच तीन दिवसांवर. लवकर निघालात तर मुलगी वर्गात एकटीच बैलाशिवायची राहील. प्रतिपदेला दुपारपर्यंत बैल मिरवून संध्याकाळी-रात्रीची विदर्भ किंवा दुरांतो एक्सप्रेस घेतली तर द्वितीयेला सकाळी मुंबई, आणि रात्रीपर्यंत चिपळूण. तृतीयेचा दिवस मखराला मिळतो. मुंबईत दोन गाड्यांमध्ये किमान तीन तासांची फट ठेवा, लांबच्या गाड्या उशिरा पोचतात. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या कोकण गाड्या काही मिनिटांत भरतात. तेव्हा पंचांगात तिथी पाहून (एखादी क्षय किंवा वृद्धी तिथी असली तर हिशेब एका दिवसानं हलतो) दोन्ही गाड्यांच्या ६० दिवस आधीच्या तारखा आजच फोनात घाला. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या दिवशी उघडतील. उन्हाळ्याच्या सुटीचं तिकीट काढताना मात्र चिपळूणच्या शाळेची तारीख धरू नका. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात. ते जास्तीचे दिवस आजीकडेच काढू द्या.

येताना दोन किलो आमसुलं आणा. पुढच्या उन्हाळाभर सरबत पुरेल आणि वाटायलाही होतील. पण ते मे महिन्यानंतरचं. या रविवारी काकूंकडे जा, हातात जे आगळ शिल्लक असेल त्याची बाटली न्या आणि विचारा, तुमचा कूलरवाला कोण? नंबर तर मिळेलच. बहुधा त्या दिवशी काकू खाली उतरून त्याच्याशी भावही स्वतःच करतील, तुम्हाला मधे बोलू देणार नाहीत.